चार पक्ष्यांचा हिशेब

एखादी प्राण्याची जात नाहीशी होण्याच्या बेताला आली म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, ती वाचवता येईल का? आणि दुसरा, याहून अवघड, ती वाचवावी का? ज्या पैशांत नि श्रमांत दुसऱ्या दहा जाती तग धरतील, ते सारे मरणपंथाला लागलेल्या एकाच जातीवर खर्च करणे शहाणपणाचे आहे काय? हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर तो एका तरुण शास्त्रज्ञापुढे प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्यात त्याची हयात गेली.

मॉरिशस आपल्याला अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून कितीतरी माणसे मजुरीसाठी तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांच्या वंशजांतली मुले आजही तिथल्या शाळांतून मराठी शिकतात. डोडो नावाचा न उडणारा पक्षी होता तो याच बेटावर. १५९८ साली डच खलाशी तिथे उतरले आणि पुढच्या शंभर वर्षांत डोडो संपला. ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण डोडोच्याच वाटेने निघालेल्या आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरवलेल्या पक्ष्यांची हकीकत फारशी सांगितली जात नाही.

त्यांतला एक म्हणजे मॉरिशसचा केस्ट्रेल. हा ससाण्याच्या कुळातला लहानसा शिकारी पक्षी जगात दुसरीकडे कुठेही नाही. रानातल्या झाडांवरच्या हिरव्या पाली हे त्याचे मुख्य खाद्य. उसासाठी रान तुटले, तशी त्याची जागा आखडत गेली. बाहेरून आणलेली माकडे, उंदीर नि मांजरे होतीच. त्यांत उंदरांना आळा घालावा म्हणून १९०० च्या सुमारास हिंदुस्थानातून मुंगूस नेले. ते उंदरांबरोबर पक्ष्यांवरही तुटून पडले. पुढे हिवतापाचे डास मारण्यासाठी डीडीटी फवारले गेले, त्याचाही फटका बसला असे मानतात. परिणाम काय झाला? १९७४ साली रानात अवघे चार केस्ट्रेल उरल्याची नोंद झाली. त्यांत अंडी घालणारी मादी एकच!

१९७९ साली कार्ल जोन्स हा वेल्समधला पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण मॉरिशसला आला. जखमी पक्षी घरी आणून पाळण्याचा त्याला लहानपणापासून नाद. केस्ट्रेलचे काम आधी काही वर्षे चालू होते, पण त्याला यश येत नव्हते. तेव्हा पैसा पुरवणाऱ्यांचा कल काम आटोपते घेण्याकडे होता. त्याच वर्षी नॉर्मन मायर्स या नामवंत पर्यावरणतज्ज्ञाने आपल्या ग्रंथात याच पक्ष्याचे उदाहरण घेऊन विचारले, की याला त्याच्या नशिबावर सोडून तो पैसा दुसऱ्या जातींना द्यावा, हे बरे नव्हे काय? विचार निष्ठुर वाटतो खरा. पण हिशेबी माणसाला तो खोडून काढणे सोपे नव्हते.

जोन्सने वाद घातला नाही. तो कामाला लागला. त्याने धरलेली युक्ती पक्षी पाळणाऱ्यांना जुनी माहीत होती. मादीने घातलेली पहिली अंडी काढून घेतली, तर ती बहुधा दुसऱ्यांदा अंडी घालते. पहिली अंडी यंत्रात उबवायची, पिले हातांनी वाढवायची, आणि रानातल्या जोडीला तिची दुसरी वीण वाढवू द्यायची. त्या जोडीला पांढरे उंदीर जादा खाऊ घालायचे, घरट्यासाठी लाकडी पेट्या टांगायच्या, मुंगूस पकडायचे. आपण होऊन शिकार करता येईपर्यंत सोडलेल्या पिलांनाही रोज खाणे पोचवायचे. या सगळ्यात डोळे दिपवणारे काही नाही. चिकाटी मात्र विलक्षण लागते. १९९४ पर्यंत ३०० हून अधिक पक्षी रानात सोडले गेले.

हाताला आलेले हे कसब मग दुसऱ्यांच्या उपयोगी पडले. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरले होते, ते आज शेकड्यांत आहे. तिथला हिरवा एको पोपट १९८० च्या दशकात जेमतेम डझनभर होता; त्याची संख्या आता ७०० च्या पुढे गेली आहे.

पण पक्षी सोडायचे, तर त्यांना राहायला रान हवे. तिथे चांगल्या स्थितीतले मूळचे रान दोन टक्केही उरलेले नाही. जे आहे त्यात बाहेरून आलेल्या चिनी पेरूची दाटी. म्हणून पुढे जातीवरून लक्ष साऱ्या रानाकडे वळले. जवळच्या राउंड बेटावरचे बकरे आणि १९८६ पर्यंत ससेही काढून टाकले, तेव्हा खुरटलेली रोपे डोके वर काढू लागली. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवे केव्हाच नष्ट झाली होती. त्यांचे काम करायला आल्डाब्रा बेटांकडची कासवे आणून सोडली. एग्रेत या छोट्या बेटावर ही कासवे आबनुसाची फळे खातात, बिया दूरवर टाकतात, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात, असे तपासणीत आढळले. पाहा, एक प्राणी गेला की त्याच्याबरोबर झाडाचा वाटाड्याही जातो!

२०१६ साली जोन्स यांना इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले. पण गोष्ट इथे गोड करून संपवता येत नाही. केस्ट्रेल निभावला असे समजून त्याच्यावरची देखभाल कमी झाली, आणि त्याची संख्या पुन्हा घसरली. २०१४ साली त्याला परत संकटग्रस्तांच्या वरच्या वर्गात घालावे लागले. रान अपुरे, शत्रू तसेच. मग दुसरे काय होणार?

तरीही मायर्सच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळाले आहे. चार पक्ष्यांवरचा खर्च त्या चारांपुरता राहिला नाही. त्यातून माणसे तयार झाली, पद्धती तयार झाल्या, आणि त्यांच्या जोरावर दुसऱ्या जाती नि उजाड झालेली बेटेही सावरली. खर्चाच्या बाजूला मात्र कायमच्या राखणीची रक्कम मांडायला विसरून चालत नाही.

हा हिशेब आज आपल्या दारातही आला आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे, पण माळढोक तिथे क्वचितच नजरेस पडतो. राजस्थानात जैसलमेरकडे २०१९ पासून माळढोकाची अंडी माळावरून उचलून यंत्रात उबवली जात आहेत. युक्ती तीच. पिले निपजतील, पण ती मोठी झाल्यावर त्यांना सोडायला माळ शिल्लक ठेवायचा की नाही, हे काही पक्षीशास्त्रज्ञ ठरवू शकत नाहीत. ते आपल्याला सर्वांनाच ठरवावे लागेल.