मिरचीच्या रोपाची टोपी आणि बियाण्यावरचा नाहक आळ

हिवाळ्याच्या आरंभी आमच्या चंदनसारच्या चाळींच्या ओट्यांवर आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांवर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आणि थर्माकोलच्या खोक्यांत मिरचीची रोपे डोके वर काढू लागली, की एक फिर्याद हटकून माझ्या कानी येते : "काका, बी बोगस निघालं हो, रोपाच्या डोक्यावरचं टरफल पडतच नाही." परवा शेजारच्या वहिनींनी असाच एक डबा माझ्यापुढे आणून ठेवला. पंचवीसएक रोपांपैकी आठांच्या माथ्यावर फिकट पिवळे, चपटे टरफल घट्ट बसले होते, आणि टोके आत अडकल्यामुळे प्रत्येकाच्या दोन्ही दलिका, म्हणजे पहिली जुळी पाने, जोडलेल्या हातांसारखी मिटून राहिली होती. वहिनी पिशवी आणि पावती घेऊन दुकानदाराला जाब विचारायला निघाल्या होत्या. मी म्हटले, "वहिनी, जरा थांबा, आधी डबा नीट पाहू."

बोगस बियाण्याचे दुःख आपल्या शेतकऱ्याने इतके सोसले आहे की तो शब्द जिभेवर सहज यावा यात नवल नाही. परंतु ज्या शब्दावर एखाद्याचा हंगाम आणि एखाद्याची अब्रू अवलंबून असते, तो कारण न तपासता वापरणे मला अन्यायाचे वाटते. ज्या बियाचे टरफल रोपाच्या माथ्यावर दिसते, ते बी उगवलेले आहे : त्याचा गर्भ जिवंत होता, त्याचे मूळ मातीत रुजले, आणि त्याच्या कोवळ्या दांड्यात स्वतःचे आवरण उचलून उजेडात नेण्याइतके बळ होते. सदोषतेचा पुरावा म्हणून जे पुढे केले जाते, तोच जिवंतपणाचा दाखला आहे, हे कितीदा सांगावे? प्रमाणित बियाण्याच्या मानकांनुसार मिरचीची किमान उगवणशक्ती 60 टक्के असावी लागते. खरी तक्रार करावयाची ती न उगवलेल्या बियांची, किंवा एका जातीच्या नावाखाली दुसरीच जात निघाली त्याची. त्यासाठी पिशवी, लेबल, पावती आणि थोडे शिल्लक बी जपून ठेवून कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा.

मग टरफलाची ही टोपी अडकते कशाने? बी भिजले की प्रथम आदिमूळ बाहेर पडून खाली जाते. नंतर मुळाच्या वरचा दांडा वाकून कमानीसारखा होतो आणि मातीला पाठीने रेटत, दलिकांना मागून ओढीत वर येतो. या ओढाताणीत भोवतालच्या दमट मातीचा दाब आणि घर्षण टरफलाला धरून ठेवतात, ते मातीतच राहते आणि दलिका त्यातून निसटतात. भोपळ्याच्या आणि काकडीच्या कुळाने याकरिता स्वतंत्र योजना केली आहे : त्यांच्या अंकुराच्या बुडाशी एक लहानशी खुंटी फुटते, ती टरफलाची खालची कड दाबून धरते आणि वरून दलिका ओढल्या जातात. डार्विनने वनस्पतींच्या हालचालींवरील आपल्या 1880 सालच्या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले आहे. मिरचीला अशी खुंटी नाही; तिची खुंटी म्हणजे तिच्यावरची माती.

ही माती आपणच तिला नाकारतो. बी नाजूक आहे, दडपले तर गुदमरेल, या मायेपोटी ते नुसते भुरभुरवले जाते आणि वर चिमूटभर सुके कोकोपीट पडते, तेव्हा अंकुर रेटा देताना टरफल धरून ठेवणारे काहीच उरत नाही. त्यात हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारा कोरडा वारा वरचा थर आणि टरफल दोन्ही वाळवतो, आणि गार रात्रींनी उगवण लांबते. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल असावे, वरची माती तळहाताने हलकेच दाबावी आणि उगवेपर्यंत ओले गोणपाट झाकून ओल टिकवावी; मात्र पहिला अंकुर दिसताच गोणपाट काढावे. जुने, जोम कमी झालेले बी टोपी टाकायला अधिक अडखळते हे खरे. पण त्याच पाकिटातील निम्मे बी नीट पुरून, निम्मे वरवर टाकून शेजारी शेजारी लावावे, म्हणजे दोष बियाचा की हाताचा, याचा निवाडा आपल्याच डब्यात होईल.

वहिनींच्या टोप्यांवर संध्याकाळी कोमट पाण्याचा एकेक थेंब ठेवून डब्यावर पारदर्शक पिशवी घातली. सकाळी मऊ झालेली सहा टरफले रंगाच्या बारीक कुंचल्याने कडेला सरकवताच गळून पडली. उरलेल्या दोन रोपांच्या दलिका फाटलेल्या होत्या. ती दोन्ही टरफले वहिनींनी आदल्या दुपारी कोरडी असतानाच नखाने ओढून पाहिली होती.

आणखी काही समज थोडक्यात निकालात काढतो.

टरफल रोपाला अन्न पुरवते, म्हणून काढू नये : बीजावरण मृत असते, अन्न असते ते आतल्या पुष्कात आणि दलिकांत.

हा रोग आहे, पुढे बोकड्या पडणार : मिरचीची पाने चुरडतात ती फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळे, टोपीचा त्याच्याशी संबंध नाही.

भरपूर पाणी घातले की टोपी सुटते : टरफलाला दमट हवा हवी, मुळांना चिखल नको, चिखलात रोपे बुडाशी कुजून आडवी होतात.

कडक उन्हात ठेवले की टोपी तडकते : ती आणखी वाळून अधिक घट्ट बसते.

आपोआप पडेल, हात लावूच नये : पुष्कळदा पडते, आणि एक-दोन दिवस वाट पाहावी, पण दलिकांच्या मधोमध वाढीचा शेंडा असतो, तो फार काळ कोंडला तर रोप खुंटते.

बोटाने काढले तर काय बिघडते : तंबाखूवरचा मोझॅक विषाणू आणि त्याचे भाऊबंद मिरचीच्या टरफलावरून येतात आणि जखमेवाटे रोपात शिरतात, तंबाखू मळलेल्या हातावरूनही ते जाऊ शकतात. म्हणून आधी हात साबणाने धुवावेत, आणि एका रोपाला जखम झाली तर तीच बोटे दुसऱ्याला लावू नयेत.

वहिनींनी पावती जपून ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. पाकिटातले उरलेले बी मात्र या वेळी त्यांनी करंगळीच्या नखाइतक्या मातीखाली घातले आहे.