मोटारसायकलची क्लच-वायर : तिची चाल बेताची कशी राखावी

शेतकऱ्याच्या दारीं जेथें पूर्वीं सायकल असे, तेथें आतां बहुतेक गांवीं मोटारसायकल उभी असते. दूध डेअरीवर पोंचविणें, खत-बियाणें आणणें, रात्रीं मळ्यांत जाऊन पंप चालू करणें, हीं सर्व कामें तिच्यावर होतात. असें असूनही बैलाच्या खांद्याकडे व नांगराच्या फाळाकडे आपण जितकें लक्ष देतों, तितकें ह्या वाहनाकडे देत नाहीं. गिअर जड पडूं लागला कीं आपण पाय जोरानें मारतों. आणि तो मुळींच पडेनासा झाला म्हणजे वाहन तालुक्याला नेऊन मिस्त्री सांगेल ती रक्कम मोजतों. वास्तविक ह्या तक्रारीचें मूळ पुष्कळदां हँडलपासून इंजिनापर्यंत गेलेल्या एका तारेंत असतें. ती तार घरच्या घरीं कशी बेताची करावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम क्लचचें काम काय तें पाहूं. इंजिनाची शक्ति गिअरकडे जाते ती क्लचमधून. १९८५ सालीं निघालेली हिरो होंडा सीडी १००, १९९४ सालची स्प्लेंडर आणि त्यांच्यासारख्या गाड्यांत क्लच म्हणजे तेलांत भिजणाऱ्या चकत्यांचा थर होय. ह्यांसच लोक क्लच-प्लेटी म्हणतात. स्प्रिंगांच्या दाबानें त्या एकमेकींस घट्ट धरून फिरतात. डाव्या हाताची दांडी ओढली म्हणजे वायर ताणली जाते, स्प्रिंगांचा दाब उठतो व चकत्या सुट्या होतात. गाडी ओढीवर असतां बैल जुंवाखालून सोडवितां येत नाहींत, तसाच शक्तीची ओढ चालू असतां गिअर बदलणें जड जातें. म्हणून गिअर टाकतांना ही ओढ पुरती सुटली पाहिजे, व दांडी सोडतांच पुन्हां पुरती लागली पाहिजे.

ह्याकरितां दांडीला थोडी मोकळी चाल लागते. दांडी ओढूं लागतांच आरंभीं ती बिनकष्टाची हलते व मग स्प्रिंगांचा जोर हाताला लागतो. त्या आरंभींच्या हालचालीस मिस्त्री लोक ‘प्ले’ म्हणतात. वर सांगितलेल्या जातीच्या गाड्यांत दांडीच्या टोंकाशीं ती साधारण १० ते २० मिलिमीटर असावी. निश्चित माप आपल्या गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावें.

ही चाल जास्त झाली तर दांडी पुरती ओढूनही चकत्या सुटत नाहींत. मग गिअर कडकड वाजून पडतो, पहिला गिअर टाकतांच गाडी झटका देते, आणि उभ्या गाडीस न्यूट्रल सांपडत नाहीं. उलट, चाल मुळींच नसेल तर चकत्या पूर्ण चिकटत नाहींत. इंजिन ओरडतें, पण वेग वाढत नाहीं. चढावर व ओझ्याखालीं हें विशेष जाणवतें, आणि घसरून घसरून चकत्या जळतात.

ह्या दोन्ही चुका आम्हीं स्वतः केल्या आहेत. पेन्शनीवर घरीं आल्यानंतर आमच्या गाडीचा गिअर जड पडूं लागला. आम्ही कानाडोळा केला. एके सकाळीं चिरंजीव दुधाच्या दोन किटल्या लावून हमरस्त्याच्या फांट्यावर थांबले असतां, दांडी ओढलेली असूनही गाडी आपोआप पुढें सरकली व ऐन रस्त्यांत बंद पडली. समोरून मालट्रक येत होता. चालकानें वेळींच ब्रेक मारला म्हणून अनर्थ टळला. पुढें एका मिस्त्रीनें इंजिन उघडावें लागेल असें सांगितलें. परंतु गांवांतील एका जुन्या फिटरनें पाव तासांत वायर ताणून दिली व गाडी पूर्ववत् झाली. तेव्हां आम्हांस वाटलें, जितकी ताठ तितकी बरी. पुढील खेपेस आम्हीं स्वहस्तें मोकळी चाल मुळींच ठेविली नाहीं, आणि त्याच हंगामांत क्लच-प्लेटी जळून नव्या घालाव्या लागल्या. पहिल्या चुकीनें जीव जाणार होता, दुसरीनें पैसा गेला.

आतां कृति सांगतों. इंजिन बंद व थंड असावें, आणि गाडी सपाट जागीं मधल्या स्टँडवर उभी करावी. वायरचे धागे दांडीपाशीं तुटले आहेत काय, बाहेरील वेष्टण कोठें मुडपलें आहे काय, हें आधीं पाहावें. धागे तुटले असतील तर जोडणी करीत न बसतां नवी वायर घालावी. ती कधीं तुटेल ह्याचा नेम नसतो. नंतर पट्टी धरून चाल मोजावी.

दांडीच्या बुडाशीं वायर शिरते तेथें खांचे असलेला गोल स्क्रू व त्यास जखडणारा चेकनट असतो. चेकनट ढिला करून स्क्रू बाहेर काढला म्हणजे चाल कमी होते, आंत घातला म्हणजे वाढते. स्क्रू फार बाहेर काढूं नये. त्याचे आटे थोडेच अडकलेले राहिले तर तो मोडतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर तो पुरता आंत घालावा, आणि इंजिनापाशीं वायरचें दुसरें टोंक असतें तेथील नटांनीं मोठा फरक काढून घ्यावा. मग बारीक फरक वरच्या स्क्रूनें साधावा. शेवटीं सर्व नट घट्ट करून हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवावें. वळवितांना चाल बदलली तर वायर कोठें तरी अडकते असें समजावें.

मग परीक्षा घ्यावी. इंजिन चालू करून दांडी पूर्ण ओढावी व मोकळ्या जागीं पहिला गिअर टाकावा; गाडी पुढें सरकतां कामा नये. चढावर गाडी वरच्या गिअरांत चालवून पाहावी. इंजिन वाढलें कीं त्याबरोबर वेगही वाढला पाहिजे.

चाल बरोबर असूनही तक्रार राहिली तर दोष अन्यत्र आहे, व तेव्हां मिस्त्रीकडे जाणेंच योग्य. तेलाकडेही पाहावें. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या डब्यांतील उरलेलें तेल मोटारसायकलींत ओतण्याची खोड सोडावी. घर्षण कमी करणाऱ्या कांहीं तेलांनीं भिजणारा क्लच घसरतो. ह्यासाठीं डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण असलेलें तेल घ्यावें.

वायर वापरानें सैल होते व चाल वाढते. चकत्या झिजल्या म्हणजे तीच चाल घटते. म्हणून एकदां केलेली जोडणी कायमची नव्हे. आमचें आयुष्य दप्तरांत गेलें असल्यानें आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस चाल मोजून वहींत टिपून ठेवतों. दोन मिनिटांचें हें काम वाचकांनींही आपल्या मुलांस लावून द्यावें, अशी आमची विनंती आहे.