भिंत आपली, वायर कोणाची?

मोसम नदीच्या पूर्वेकडच्या मालेगावात एखाद्या बोळात उभे राहून वर पाहिले, तर आभाळाच्या आधी वायरी दिसतात. विजेच्या सर्व्हिस वायरी, टीव्हीच्या केबली, इंटरनेटचे फायबर. निघतात एका पोलावरून आणि टेकतात दुसऱ्याच्याच भिंतीवर. या गर्दीतून उठणारी भांडणे बहुधा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पेटतात. पण पुष्कळदा ज्याच्याशी बोलायला हवे, तो त्या भांडणात हजरच नसतो.

या गर्दीला इतिहास आहे. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबे इथे येऊन वसली. त्यांचे हातमाग पुढे यंत्रमाग झाले आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये खडखडू लागले. मागाला वीज लागते, म्हणून वायर आली. मग कुटुंब वाढले, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, वर मजला चढला. डोक्यावरून जाणारी वायर खिडकीशी आली. दुसरीकडे भावाभावांत वाटणी झाली, मागच्या भागाला रस्ताच उरला नाही आणि त्याची वीज पुढच्या भावाच्या गच्चीवरून येऊ लागली. नाती बरी असतात तोवर त्या वायरीकडे कोणी पाहत नाही. बिनसले, की पहिली नजर तिच्यावरच जाते.

म्हणून आधी वायर ओळखायला हवी. पोलापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर वीजपुरवठा यंत्रणेची. जोडणीचा खर्च ग्राहकाने भरलेला असला तरी. मीटरच्या पुढची ग्राहकाची. एखाद्याने मीटरपासून दुसऱ्याच्या छतावरून स्वतःच्या शेडकडे वायर ओढली असेल, तर तो खरोखर दोन शेजाऱ्यांमधला वाद आहे. मीटरच्या आधीच्या वायरीबद्दल शेजाऱ्याच्या दारात जाऊन ओरडण्यात अर्थ नाही.

मालेगावात ही यंत्रणा म्हणजे कोण, हेही नीट समजून घ्यावे. 1 मार्च 2020 पासून शहरातले वीज वितरण मालेगाव पॉवर सप्लाय लिमिटेड ही कोलकात्याच्या सीईएससीची कंपनी पाहते. ती फ्रँचायझी आहे, परवाना महावितरणचाच आहे.

परवानाधारकाला खासगी जागेत काम करताना काय करावे लागते, ते 2003 च्या वीज कायद्याखालच्या 2006 च्या नियमांत लिहिलेले आहे. इमारतीवर किंवा जमिनीवरून लाइन न्यायची तर मालकाची किंवा तिथे राहणाऱ्याची आधी संमती हवी. त्याने हरकत घेतली, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांची किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती देताना भरपाई किंवा वार्षिक भाडेही ठरवून देता येते. लाइन टाकून झाल्यावरसुद्धा मालकाने सबळ कारण दाखवले, तर ती हलवण्याचा आदेश होऊ शकतो. सामान्य घरमालकाच्या हाती असलेली ही मोठी गोष्ट आहे आणि ती प्रत्येक वॉर्डात माहीत व्हायला हवी.

घर बांधणाऱ्यावरही जबाबदारी आहे, आणि इथे जिवाचा प्रश्न असतो. घरावरून जाणारी कमी दाबाची उघडी तार इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून किमान अडीच मीटर वर आणि बाजूने जाणारी किमान 1.2 मीटर दूर असावी लागते. 11 केव्ही लाइनसाठी वरचे अंतर 3.7 मीटर आहे. लाइन आधीची आणि मजला नंतरचा असेल, तर बांधकामापूर्वी कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला कळवणे मालकाचे काम. गॅलरी चार फूट बाहेर काढल्यावर तार हाताला लागते, तेव्हा दोष तारेचा नसतो.

रागाच्या भरात वायर तोडणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चूक. पुरवठा बंद पाडण्याच्या हेतूने लाइन तोडणे हा वीज कायद्याच्या कलम 140 खाली गुन्हा आहे आणि तोडणाऱ्याच्या हातात त्या क्षणी जिवंत विद्युतप्रवाह असू शकतो. शिवाय वीज ही मूलभूत गरज आहे आणि घरमालकाने ना-हरकत दाखला दिला नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वायरीची वाट बदलून मागता येईल. शेजाऱ्याला अंधारात ठेवता येणार नाही.

‘वीस वर्षे वायर इथूनच आहे’ हा दावाही वारंवार ऐकू येतो. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीला महत्त्व आहे खरे. पण ती हक्काने केलेली असावी लागते. शेजारधर्म म्हणून दिलेली परवानगी वीस वर्षे चालली तरी परवानगीच राहते, आणि ती बहुधा मागे घेता येते. म्हणून देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही ती चार ओळींत लिहून ठेवावी.

डोक्यावरून जाणाऱ्या तारेचा वाद जगाला नवा नाही. 1884 मध्ये लंडनमधल्या एका स्थानिक मंडळाने रस्त्यावरून उंच गेलेली टेलिफोनची तार काढायला लावण्यासाठी कोर्ट गाठले होते. तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की मंडळाचा हक्क रस्ता म्हणून लागणाऱ्या उंचीपुरताच आहे.

फायबरची गोष्ट विजेच्या वायरीहून वेगळी. 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार खासगी जागेतून केबल न्यायची तर कंपनीने जागामालकाकडे अर्ज करून करार करायचा असतो. त्याचे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत. छतावर शिडी लावून येणाऱ्या मुलाकडे त्या कराराची मागणी करायला हरकत नाही. विजेच्या वायरीची तक्रार मात्र आधी वीज कंपनीकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, फोटोत अंतर दिसेल असे पाहावे. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, धोका असेल तर विद्युत निरीक्षक आहे, आणि जागेच्या हक्काचा प्रश्न असेल तर दिवाणी न्यायालय.