माहेरच्या बाळंतपणाला कार्डही सोबत हवे

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे आजही टिकून आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, ओटी भरली, की आई-वडील लेकीला न्यायला येतात. सीमाभागात मात्र खानापूरची लेक चंदगडला दिलेली असते, निपाणीची कागलला. अंतर थोडे, पण मध्ये राज्याची हद्द. सासरच्या आरोग्य केंद्राच्या वहीतून ती निघून जाते आणि माहेरच्या केंद्राला ती आल्याचे कळायला उशीर होतो.

हा उशीर नेमका नको त्या वेळी होतो. गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायला हव्यात : पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. म्हणजे शेवटच्या दोन्ही बहुधा माहेरीच येतात. रक्तदाब वाढण्याचा आणि लघवीतून प्रथिने जाण्याचा त्रास याच काळात जास्त दिसतो. पहिलटकरणीला त्याचा धोका अधिक. हातापायांवर, चेहऱ्यावर सूज आली की 'दिवस भरत आले, सूज यायचीच' असे घरातली मोठी माणसे सहज म्हणतात. पण सोबत डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळीच उपचार झाले नाहीत तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.

कार्डात काय असते?

कर्नाटकात त्याला 'तायी कार्ड' म्हणतात. तायी म्हणजे आई. महाराष्ट्रात ते माता-बाल संरक्षण कार्ड. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, धनुर्वाताची इंजेक्शने, सगळे त्यात लिहिलेले असते. सहाव्या महिन्यात रक्तदाब किती होता हे समजले, तरच आठव्या महिन्यातला आकडा वाढला की नाही ते माहेरच्या नर्सबाईंना कळते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली गेले तर मोठ्या रुग्णालयातच जावे लागते. लोह-फॉलिक अॅसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस घ्यायची असते. माहेरी आल्यावर त्यात खंड पडू देऊ नये.

हक्काचे आहे ते मागा

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातले बाळंतपण मोफत आहे. औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि सिझेरियनसुद्धा. साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस आणि सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत जेवण मिळते. दवाखान्यात नेणे, मोठ्या रुग्णालयात हलवणे आणि घरी सोडणे यासाठी वाहनाचे पैसे द्यायचे नसतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापुढील गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

अशा सोयींनी फरक पडला आहे. २००४-०६ मध्ये कर्नाटकात दर लाख जिवंत जन्मांमागे २१३ मातांचे मृत्यू होत; २०१८-२० मध्ये ते ६९ वर आले. महाराष्ट्रात हा आकडा १३० वरून ३३ झाला. तरीही यातला प्रत्येक आकडा म्हणजे कुणाची तरी लेक, सून.

निघण्यापूर्वी, पोहोचल्यावर

सासरच्या आशाताईंना माहेरचे गाव आणि जाण्याचा दिवस सांगावा. माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंना कार्ड दाखवून नाव नोंदवावे. आधार कार्ड, तिच्या स्वतःच्या नावाचे बँक पासबुक जवळ ठेवावे. योजनेचे पैसे कुठल्या केंद्रातून मिळतील ते आधीच विचारून घ्यावे. जंगलपट्टीतल्या गावांनी पावसाळ्यातल्या तारखेसाठी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आधीच राहण्याची सोय पाहावी. १०८ चा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असावा.

बाळंतपणानंतर निदान ४८ तास दवाखान्यात राहावे. पुढे ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहतात. बाळाचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, म्हणजे काही माहेरी आणि काही सासरी. म्हणून पाठवणीच्या वेळी बाळंतविड्याबरोबर ते कार्डही आठवणीने पिशवीत घालावे.