बधिर बालकांची भाषा

बधिर मुलाला मुका म्हणणे हा आपल्या समाजाने चालविलेला जुना अन्याय होय. त्याचा कंठ बहुधा शाबूत असतो; भाषा कानावाटे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. ती कोणत्या वाटेने पोहोचवावी, हा प्रश्न अमरावती-अकोल्याकडील अशा प्रत्येक मुलाच्या आईबापांपुढे आज उभा आहे.

उच्चारपद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात, ओठ वाचून मूल बोलू लागले की ते चारचौघांत मिसळेल. हेतू उत्तम आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वेळेवर मिळाल्यास अनेक मुले बोलतात, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु वाचकांनी आरशापुढे ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ हे शब्द आवाज न काढता म्हणून पाहावेत. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. ज्याने हे शब्द कधी ऐकलेच नाहीत, त्याने ते ओळखावेत कसे?

सांकेतिक भाषेत ही अडचण नाही. तिला स्वतःचे व्याकरण आहे. मात्र ती घरच्यांनीही शिकावी लागते, आणि मराठी लेखन-वाचन निराळे शिकवावे लागते. म्हणून खुणा, उच्चार व लेखन यांची सांगड घालणारी संयुक्त पद्धतीच आम्हांस श्रेयस्कर वाटते. बोलणे येईपर्यंत खुणा बंद ठेवणे म्हणजे भाषा शिकण्याची कोवळी वर्षे वाया घालविणे होय.

१८८० साली मिलान येथील परिषदेने उच्चारपद्धतीच्या बाजूने कौल दिला. मत देणाऱ्यांत बधिर शिक्षक जवळजवळ नव्हतेच. पक्षकाराचे न ऐकता दिलेला हा निकाल २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेने फेटाळला. मध्ये १३० वर्षे गेली! आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. कायदा झाला, अंमल व्हावयास हवा.

परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. २०२४ साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. एकाने नाव दिले, भाषा देण्याचे काम उरलेल्या वऱ्हाडाचे आहे. बधिर मुलांच्या आईबापांसाठी सांकेतिक भाषेचे वर्ग दोन्ही जिल्ह्यांत तालुक्यागणिक चालावेत, अशी आमची मागणी आहे. भाषेच्या तत्त्वावर १९६० साली राज्य मिळविणाऱ्या महाराष्ट्राने आपल्याच लेकरांना भाषेवाचून ठेवावे, हे त्यास शोभत नाही.