समुद्रपुष्पाचा गृहप्रवेश

फुलासारखें दिसतें म्हणून यास समुद्रपुष्प असें नांव पडलें. परंतु तें फूल नव्हे. पोवळें व जेलीमासा यांच्या कुळांतील तो एक प्राणी होय. कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं खळग्यांत सांचलेल्या पाण्यांत ज्यांनीं लहान समुद्रपुष्पें पाहिलीं असतील, त्यांस ठाऊकच असेल कीं, बोट लागतांच हें फूल मिटून मांसल गोळा होऊन बसतें. खालीं खडकास धरून राहणारा पाय, मध्यें पोकळ स्तंभासारखें शरीर, वर एकच तोंड, आणि तोंडाभोंवतीं दंशपेशींनीं भरलेलीं शुंडकें, एवढीच त्याची रचना.

अलीकडे कांहीं घरांतून खाऱ्या पाण्याचीं मत्स्यालयें ठेवतात. त्यांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा आला, कीं त्यास राहावयास समुद्रपुष्प आणावें असा मुलांचा आग्रह सुरू होतो. आग्रह गैर नाहीं; मात्र समुद्रपुष्पाचें जगणें वा मरणें हें बहुधा तें घरीं येण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींहि ध्यानांत ठेविली पाहिजे.

याचें कारण त्याच्या शरीरांत आहे. माशाच्या अंगावर खवले असतात. त्याचीं मूत्रपिंडें व कल्ले रक्तांतील क्षारांचें प्रमाण सांभाळतात. समुद्रपुष्पास यांपैकीं कांहींच नाहीं. जेवढें खारें बाहेरचें पाणी, तेवढेंच खारें त्याच्या अंगांतील पाणी. म्हणून बाहेर एकाएकीं पालट झाला, तर त्याचा धक्का थेट प्रत्येक पेशीस बसतो. मासा जो बदल सोसूं शकतो, त्यानें समुद्रपुष्प दगावतें.

यास्तव पहिली तयारी पाण्याची. प्राण्यांची विष्ठा व उरलेलें अन्न कुजून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट, व दुसरे कांहीं त्याचें नायट्रेट बनवितात. हे जंतु टाकींत वस्तीस येण्यास चार ते सहा आठवडे लागतात. परंतु समुद्रपुष्पासाठीं टाकी निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर, सुरळीत चाललेली असावी. अमोनिया व नायट्राइट मुळींच नसावें. पाण्याचें विशिष्ट गुरुत्व सुमारें १.०२५ व उष्णता २५ ते २६ अंश सेंटिग्रेड असावी, आणि तीं दोन्हीं दिवसेंदिवस स्थिर राहावीं. माशांच्या रोगावर तांब्याचें औषध कधीं घातलें असेल, तर त्या टाकींत समुद्रपुष्प ठेवूं नये. तांबें त्यास घातक आहे. पाणी खेचणाऱ्या पंपांच्या तोंडांवर स्पंज किंवा जाळी बसवावी. कारण हा प्राणी चालतो, आणि चालतां चालतां पंपांत खेचला जाऊन त्याच्या चिंधड्या उडतात.

दुसरी गोष्ट निवडीची. निरोगी समुद्रपुष्पाचें तोंड घट्ट मिटलेलें असतें, शुंडकें चिकट लागतात, व पाय कोठेंहि फाटलेला नसतो. शुभ्र पांढरें दिसणारें सुंदर म्हणून घेऊं नये. त्याच्या पेशींत एकपेशीय शैवल राहतें व सूर्यप्रकाशावर तयार केलेलें अन्न आपल्या यजमानास पुरवितें. पांढरेपणा म्हणजे तें शैवल निघून गेल्याची खूण होय. समुद्रपुष्पांच्या हजारांवर जाती आहेत, परंतु विदूषक माशांस आश्रय देणाऱ्या सुमारें दहाच. त्यांतल्या त्यांत एन्टाक्मिया क्वाड्रिकलर ही जात काटक. तिच्या शुंडकांचीं टोंकें बुडबुड्यासारखीं फुगतात. ती टाकींतच दुभंगून एकाचीं दोन होते. असें टाकींत वाढलेलें मिळाल्यास समुद्रांतून ओढून काढलेलें घेऊं नये.

आतां प्रत्यक्ष प्रवेश. पिशवी न उघडतां टाकीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटें तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. नंतर समुद्रपुष्प त्याच्या पाण्यासह स्वच्छ भांड्यांत ठेवून, भांडें टाकीपेक्षां खालीं मांडावें. वर्गांत शिकलेली वक्रनलिका येथें उपयोगीं पडते. बारीक नळीस सैल गांठ मारून टाकींतील पाणी भांड्यांत थेंबथेंब पडूं द्यावें. भांड्यांतील पाणी तिप्पट-चौपट होईपर्यंत, म्हणजे एक ते दोन तास, थांबावें. मग हातमोजे घालून प्राणी अलगद उचलावा व टाकींत सोडावा. प्रवासांतील मळकें पाणी टाकींत ओतूं नये.

त्यास खांच असलेल्या खडकावर ठेवून लाटा करणारे पंप कांहीं तास बंद ठेवावे, म्हणजे त्याचा पाय धरतो. पाण्यांतील हवा पुरविणें मात्र थांबवूं नये. दिवे प्रथम मंद ठेवून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. पहिले कांहीं दिवस तें आक्रसेल, तपकिरी मळ टाकील, जागा बदलील. तें स्वतःची जागा शोधीत असतें; त्यास ओढून परत आणूं नये. स्थिर झाल्यावर आठवड्यांतून एकदां कोळंबीचा त्याच्या तोंडाहून लहान असा तुकडा द्यावा. परंतु तोंड सताड उघडें राहिलें, अंग झडूं लागलें व दुर्गंधि सुटली, तर तें मेलें असें समजून तत्काळ बाहेर काढावें. नाहींतर कुजणारा एक देह सगळ्या टाकीचा घात करतो. विदूषक मासा नवा आणावयाचा असल्यास एक-दोन महिन्यांनीं, समुद्रपुष्प पुरतें रुळल्यावर आणावा; उतावळा मासा अशक्त प्राण्यास घोळसून बेजार करतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल या स्कॉटिश निसर्गसंशोधकानें १८२८ सालीं समुद्रकिनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून साध्या कांचेच्या बरणींत ठेविलें. तें थंड समुद्रांतील व शैवलावांचून जगणारें असल्यामुळें त्यास दिव्यांची गरज नव्हती. नियमितपणें ताजें समुद्रजल मात्र मिळत गेलें. डॅलिएल १८५१ सालीं वारले. पुढें इतरांनीं त्याची जोपासना केली. लोक त्यास 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई, म्हणत. तें १८८७ सालीं एडिंबरो येथें मेलें. बरणींत तें ५९ वर्षें जगलें!

म्हणून समुद्रपुष्प मागणाऱ्या मुलास पालकांनीं नाहीं म्हणूं नये. त्याच्या हातीं एक वही द्यावी. पाण्याचें गुरुत्व व उष्णता त्यानें सहा महिने रोज लिहून ठेवावी. ज्याची वही अखंड भरेल, त्याच्या घरीं हा पाहुणा सुखानें नांदेल. ज्याची दुसऱ्याच आठवड्यांत कोरी राहील, त्यानें ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर जाऊन त्यास त्याच्या स्वतःच्या घरीं पाहावें, आणि जेथें आहे तेथेंच राहूं द्यावें.