शारदा सदनातलं उघडं दार
(चारित्र्य आणि प्रभाव : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात दावीद राजा होता. उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन त्याची बायको घरात आणणारा. पंडिता रमाबाईंच्या हाती तसली सत्ता कधीच नव्हती. होतं ते वजन, विद्येचं आणि वाणीचं.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लवकरच चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी खटके उडू लागले. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांना शिकवावं का, हा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. भरसभेत शास्त्र्यांपुढे बोललेल्या बाईला मर्यादा शिकवायला निघाले होते! एक पुरोहितशाही झुगारली ती दुसरीपुढे मान तुकवायला नव्हे, असं रमाबाईंनी पत्रातून साफ कळवलं.

स्वतःवर कुणाचं दडपण चालू न देणारी ही बाई दुसऱ्यांशी कशी वागली?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंचं शारदा सदन, विधवांसाठीची निवासी शाळा, सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती हितचिंतकांचा, सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं ठरलेलं. मुलींना आपापलं सोवळंओवळं पाळायची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. घरानं टाकलेल्या बालविधवेला अन्न, अक्षरं आणि माया एकाच बाईकडून मिळत असताना तिच्या प्रार्थनेला जाऊन बसणं हा कितपत त्या मुलीचा स्वतःचा निर्णय? पण दार लावून घेणं म्हणजे आपली श्रद्धा लपवणं, आणि ते रमाबाईंना जमणारं नव्हतं. या पेचाला सोपं उत्तर नाही. शुभवर्तमानातला श्रीमंत तरुण येशूचं बोलणं ऐकून खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यावर प्रेम करतो, तरी त्याला अडवत नाही. ख्रिस्ती माणसाच्या प्रभावाला लावायची कसोटी हीच, की जाणाऱ्याला जाता येतं का.

सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई तिथे चार वर्षं राहिल्या. हिंदू म्हणूनच बाहेर पडल्या, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावात रमाबाईंच्या ‘मुक्ती’ आश्रमात आसरा मिळाला. तिथे मात्र ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जाई, आणि या मुलींना परतायला घरही नव्हतं. कसोटी इथे अधिक कडक लागते.

त्याच काळात, १८९७ साली, प्लेगच्या इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल रमाबाईंनी सरकारवर जाहीर टीका केली. इंग्रज मित्रांना काय वाटेल याची पर्वा केली नाही.

अखेरची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतवर एवढा अधिकार असूनही मजकूर ठेवला खेड्यातल्या बाईला कळेल इतका साधा. खिळे जुळवण्यापासूनची कामं केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या बायकाच करत.

पुढील आठवड्यात : मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारणारे रेव्हरंड ना. वा. टिळक.